काजळी अंगणात, तक्रार कुठे?

गाळप हंगाम सुरू झाला की काही प्रश्न हमखास येतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, तर अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा की तहसील कचेरीत? विहिरीचं पाणी तांबूस झालं, ते तपासायचं कुठे? पहाटे नासक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो कशाचा? कुपवाडसारख्या ठिकाणी औद्योगिक वसाहत आणि घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथले वाचक रात्रपाळीच्या आवाजाबद्दल विचारतात. आणि जवळपास प्रत्येक जण शेवटी म्हणतो, ‘अर्ज दिला होता, काही झालं नाही.’

काही न होण्याचं कारण बरेचदा त्या अर्जातच असतं. ‘कारखान्यामुळे गावाला असह्य त्रास होत असून तातडीने कारवाई व्हावी’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं. अधिकारी चार दिवसांनी येतात. तोवर वारं फिरलेलं असतं, ओढा कोरडा पडलेला असतो. ‘पाहणीवेळी आक्षेपार्ह काही आढळून आले नाही’ असा शेरा पडतो आणि फाइल मिटते. तुम्ही त्रासाची तक्रार न करता परवान्यातल्या अटीच्या भंगाची तक्रार केलीत, तर असा शेरा मारणं अवघड जातं. ते कसं करायचं, हे पुढे सांगतो.

आधी ठरवा, त्रास कुणाचा आहे

आपल्याकडे ‘कारखाना’ म्हटलं की साखर कारखानाच डोळ्यांपुढे येतो. पण कुपवाड-मिरज आणि साताऱ्याच्या वसाहतींत फाउंड्र्या आहेत, कराडजवळ तासवड्यात रासायनिक उद्योग आहेत, लोणंदला लोखंड वितळतं, नदीकाठाला वीटभट्ट्या आहेत. चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलंत तर खरा दोषी सुटतो आणि तुमचा पुढचा अर्जही कुणी गांभीर्यानं घेत नाही. ढोबळ खुणा अशा:

- हलकी, काळी, चिमटीत चुरणारी काजळी: बहुधा बगॅस जाळणाऱ्या बॉयलरची. मात्र त्याच दिवसांत शेतांत पाचटही पेटतं. पाचटाची काजळी लांबट, पात्याच्या तुकड्यांसारखी असते आणि दुपार-संध्याकाळी अचानक येते. चिमणीची काजळी दिवसरात्र, बारीक आणि सारखी पडते.
- नासक्या अंड्यासारखा वास: हायड्रोजन सल्फाइड. सांडपाणी साठून कुजल्याची खूण. हे पाणी डिस्टिलरीचं असू शकतं, गावच्या गटाराचंही.
- दाताखाली करकरणारी करडी धूळ: खडी क्रशर, फाउंड्रीची वाळू किंवा ट्रकनी उखणलेला रस्ता.
- डोळ्यांत झोंबणारा, श्वास अडवणारा वास: अमोनिया असू शकतो. दूध डेअऱ्या, बर्फाचे कारखाने आणि बेदाण्याची शीतगृहं यांत तो थंडाव्यासाठी वापरतात. असा वास आला तर नोंदी करत बसू नका, थेट ‘वायुगळती’ हा भाग वाचा.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवावं. कृष्णेत मिसळणारं सगळं घाण पाणी कारखान्यांचं नाही. शेरीनाल्यातून वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी नदीत जात आलं आहे, आणि त्याची जबाबदारी महापालिकेची आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ महापालिकेलाही नोटीस देऊ शकतं, पण त्यासाठी अर्जात महापालिकेचं नाव लागतं.

संमतीपत्र मिळवा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

जल प्रदूषण कायदा १९७४ चा, हवा प्रदूषण कायदा १९८१ चा. या दोन्हींखाली बहुतेक उद्योगांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. उभारणीच्या आधी एक, उत्पादन सुरू करण्याआधी दुसरी, आणि मग ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. प्रदूषणाच्या क्षमतेनुसार उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे रंग दिलेले आहेत. साखर कारखाना आणि डिस्टिलरी लाल गटात येतात. हे संमतीपत्र म्हणजे सरकार आणि कारखाना यांच्यातला करार आहे, आणि तो गुप्त नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रं पाहता येतात. जल कायद्याच्या कलम २५ नुसार मंडळाला अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि संबंधित व्यक्तीला ती पाहू द्यावी लागते.

पत्र इंग्रजीत आणि किचकट असतं. घाबरू नका, सगळं वाचायचं नाही. एवढंच शोधा:

1. संमतीची मुदत कधी संपते?
2. रोज किती उत्पादन करायची परवानगी आहे? म्हणजे किती टन गाळप, किती लिटर स्पिरिट.
3. सांडपाणी रोज किती आणि ते कुठे सोडायचं: शेतीला, पुन्हा वापरात, की बाहेर अजिबात नाही?
4. चिमणी किती, उंची किती, इंधन कोणतं, धूर गाळायची यंत्रणा कोणती?
5. राख, प्रेसमड, गाळ यांची विल्हेवाट कशी लावायची?
6. बँक हमी किती रकमेची आहे? अट मोडली तर मंडळ ती जप्त करू शकतं.

आता हे आकडे कसे वापरायचे ते पाहा. साखर कारखान्यांसाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नवे निकष लागू केले. त्यानुसार एक टन ऊस गाळल्यावर प्रक्रिया केलेलं सांडपाणी १०० लिटरच्या आत हवं. स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरमधून येणाऱ्या पाण्यालाही वेगळी १०० लिटरची मर्यादा आहे. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यामुळे दिवसाला ५ लाख लिटरच्या वर जाता कामा नये. बाहेर पडायचं तोंड एकच असावं. शेताला पाण्याची गरज नसेल तेव्हा हे पाणी तळाला अस्तर असलेल्या, १५ दिवस पुरेल एवढ्याच तळ्यात साठवायचं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र गाळपाच्या एक महिना आधी सुरू होऊन स्थिरावलेलं हवं आणि हंगाम संपल्यावर आणखी एक महिना चालू ठेवायला हवं. चिमणीतून निघणाऱ्या धुरात कणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे.

ओढ्याकडे जाणारा दुसरा पाइप दिसला, की ‘घाण पाणी सोडतात’ असं लिहू नका. ‘एकाच निर्गमन मार्गाच्या अटीचा भंग, अमुक गट नंबरजवळ दुसरा पाइप, छायाचित्र सोबत’ असं लिहा. अधिकाऱ्याला आता पाइप आहे की नाही एवढंच सांगावं लागेल, आणि पाइप चार दिवसांत वाऱ्यासारखा फिरत नाही.

मोठ्या प्रकल्पांना याशिवाय पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीची प्रत कारखान्यानं ग्रामपंचायतीला द्यायची असते आणि ग्रामपंचायतीनं ती ३० दिवस सूचना फलकावर लावायची असते. ग्रामसेवकांना विचारा, बऱ्याचदा ती कपाटात सापडते. अटी पाळल्याचा अहवाल कारखाना दर सहा महिन्यांनी देतो, आणि पर्यावरण विवरणपत्र दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला सादर करतो. ही कागदपत्रं संकेतस्थळावर सापडली नाहीत तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गेल्या दोन वर्षांतील पाहणी अहवाल, नमुन्यांचे निष्कर्ष, दिलेल्या नोटिसा आणि जप्त केलेल्या बँक हम्या’ हे चार शब्दसमूह एका अर्जात सहज बसतात.

नोंदवही ठेवा

शाळेची दोनशेपानी वही पुरे. तारीख, वेळ, काय दिसलं किंवा कसला वास आला, वारं कुठून होतं, घरात कुणाला काय झालं आणि छायाचित्र असल्यास त्याचा क्रमांक, असे रकाने आखा. वाऱ्याचा रकाना लोक हमखास विसरतात, आणि तोच सगळ्यात कामाचा. आपल्या भागात पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, हिवाळ्यात बहुधा पूर्व-ईशान्येकडून. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत गार आणि जड राहते, धूर वर चढत नाही, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात तो सकाळी आठ-नऊपर्यंत तरंगत राहतो. त्यामुळे चिमणीच्या पश्चिमेला राहणाऱ्याला जानेवारीत त्रास आणि जुलैत आराम मिळत असेल, तर त्याच्या वहीतून ते आपोआप दिसतं.

तीन-चार घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या तर फारच उत्तम. एकाच वेळेच्या नोंदी वेगवेगळ्या हातांनी केलेल्या असतील, तर त्या रचलेल्या आहेत असं म्हणणं कठीण जातं. मोबाइलवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल अशी छायाचित्रं काढा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याआधी मूळ फाइल जपून ठेवा. पुढे पाठवलेल्या प्रतीत ही माहिती उरत नाही.

जे दिसलं तेवढंच लिहा. ‘विष सोडलं’ हा निष्कर्ष झाला. ‘पाणी काळपट, फेस, मेलेले मासे’ ही नोंद झाली. पहिल्यापायी अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. आणि नमुना घेण्यासाठी कुंपण ओलांडून आत जाऊ नका. प्रकरण प्रदूषणावरून घुसखोरीवर न्यायला कारखान्याला तेवढं निमित्त पुरतं.

अर्ज कुठे द्यायचा

सांगली जिल्ह्यासाठी मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत विश्रामबागेजवळ उद्योग भवनात आहे. त्याच्यावर कोल्हापूरचं प्रादेशिक कार्यालय. सातारा जिल्ह्याचं उपप्रादेशिक कार्यालय साताऱ्यात आहे, पण ते पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. इथे पुष्कळांची गल्लत होते. कराडचा माणूस कोल्हापूर जवळ म्हणून तिकडे अर्ज पाठवतो, आणि अर्ज टपालात फिरत बसतो. नदी मात्र एकच असल्यामुळे कराडच्या वरचं पाणी सांगलीत पोचतं तेव्हा दोन कार्यालयांचा प्रश्न होतो. अशा वेळी दोन्हींकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख करा.

क्रम असा ठेवा:

1. घडत असतानाच: उपप्रादेशिक कार्यालयाला फोन आणि लगेच ई-मेल. फोनचा पुरावा राहत नाही, ई-मेलचा राहतो.
2. दोन-तीन दिवसांत: लेखी अर्ज, किमान दहा-पंधरा घरांच्या सह्यांसह, आवक क्रमांकाची पोच घेऊन. पाहणीच्या वेळी अर्जदारांना बोलवावं आणि अहवालाची प्रत द्यावी, अशी मागणी त्यातच लिहा.
3. पंधरा दिवसांनी हालचाल नसेल तर: प्रादेशिक अधिकारी, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही नोंद करा.
4. तरीही नाही: जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत.

ग्रामसभेचा ठराव कारखाना बंद करू शकत नाही, हे आधीच समजून घ्या. पण ठराव अर्जाला जोडलात तर तो चार माणसांचा वैयक्तिक वाद आहे, असं म्हणायची सोय उरत नाही.

फार कमी लोकांना माहीत असलेला एक मार्ग प्रांताधिकाऱ्यांचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रतलामच्या प्रकरणात हेच कलम नगरपालिकेविरुद्ध उचलून धरलं होतं. वीटभट्टी, क्रशर, उघडी गटारं अशा छोट्या आणि नजरेला दिसणाऱ्या उपद्रवांसाठी हा मार्ग चांगला. बॉयलरच्या उत्सर्जनासारख्या मोजमापाच्या बाबी मंडळाकडेच न्या.

मंडळाच्या हातात काय आहे, हेही माहीत असू द्या. जल कायद्याच्या कलम ३३अ आणि हवा कायद्याच्या कलम ३१अ खाली ते उत्पादन थांबवायला, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. ‘आम्ही फक्त नोटीस देऊ शकतो’ असं कुणी म्हणालं तर ही दोन कलमं नम्रपणे पुढे करा.

पाणी: नदी, विहीर आणि बोअर

जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मेले. अंकलीजवळचा काठ मेलेल्या माशांनी भरल्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं. मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात: सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, ज्याला गावात मळीचं पाणी म्हणतात, त्यात ही घाण इतकी असते की तिचा मोजमापाचा आकडा, म्हणजे बीओडी, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा ३० ची आहे. असा एक टँकर आटलेल्या नदीच्या एखाद्या डोहात ओतला तर काय होईल, याचा अंदाज यावरून येतो.

मासे तरंगताना दिसले तर वेळ फार थोडा असतो. पाण्यातला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. बाटलीतून उद्या नेलेल्या पाण्यात तो आकडा खरा राहत नाही. म्हणून आधी मंडळाला बोलवा, मग तलाठी आणि ग्रामसेवक यांना बोलावून पंचनामा करून घ्या. तुम्ही स्वतः घेतलेला नमुना मंडळाला दिशा दाखवायला उपयोगी पडतो. खटल्यात मात्र कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीनं मंडळानं घेतलेलाच नमुना टिकतो.

विहीर आणि बोअरचं पाणी तपासायला भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेची किंवा जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. फक्त ‘पिण्यास योग्य की अयोग्य’ एवढंच विचारू नका, कारण तो निष्कर्ष बहुतेकदा जंतूंवरून दिला जातो. रासायनिक तपासणी मागा: विरघळलेले क्षार, क्लोराइड, कठीणपणा, नायट्रेट, आणि फाउंड्री किंवा रासायनिक वसाहत जवळ असेल तर जड धातू. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला कसलीही सवलत नाही, विशेषतः बाटलीनं दूध पिणारं बाळ घरात असेल तर. पण वाढलेला नायट्रेट युरियाचाही असतो. ऊसपट्ट्यात आपणच टाकलेलं खत आपल्या विहिरीत उतरतं, हे कटू असलं तरी खरं आहे. क्लोराइड, क्षार आणि रंग एकदम वाढले असतील तर सांडपाण्याचा संशय जास्त बळावतो.

पाणी उकळल्यानं जंतू मरतात, क्षार उलट घट्ट होतात. टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, स्पेंटवॉशचा रंग जात नाही. अशा पाण्यावर काहीतरी उपाय करून ते प्यायचा प्रयत्न करू नका. स्रोत बदला आणि ग्रामपंचायतीकडे पर्यायी पाण्याची लेखी मागणी करा.

खोकला, दमा: डॉक्टरांना काय सांगायचं

हवेच्या राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणि पीएम १० हे १०० च्या आत हवेत. सांगली शहर हे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत आहे. अंगणात पडणारी जाड काजळी दिसते म्हणून भांडण तिच्यावरून होतं. छातीला खरा धोका न दिसणाऱ्या बारीक कणांचा असतो.

साखर कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो, आणि याचा तुम्हाला फायदा आहे. दमेकऱ्याच्या घरी पीक फ्लो मीटर आणा. औषधांच्या दुकानात मिळतं, काही शे रुपयांचं असतं. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहा, हंगामाआधी पंधरा दिवस आणि हंगामात पंधरा दिवस. फरक दिसला तर तो डॉक्टरांना दाखवा आणि स्पायरोमेट्री करून घ्या. थंडीतलं सर्दी-पडसं, घरातली चूल आणि विडी-सिगारेट यांचाही यात वाटा असतो, तेव्हा तेही प्रामाणिकपणे लिहा. डॉक्टर ते विचारतीलच, आणि पुढे वकीलही.

केसपेपरवर राहण्याचं ठिकाण, कारखान्यापासूनचं अंतर आणि त्रासाची वेळ नोंदवायला सांगा. ‘प्रदूषणामुळे दमा’ असं प्रमाणपत्र मागू नका. कुठलाही शहाणा डॉक्टर ते देणार नाही. ‘हंगामात लक्षणं वाढतात’ एवढी नोंद पुरेशी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गावातल्या श्वसनविकारांच्या रुग्णांची महिनावार आकडेवारी माहिती अधिकारात मागता येते, कुणाचंही नाव न घेता.

घरात करण्यासारखं: पहाटे ते सकाळी नऊपर्यंत चिमणीच्या बाजूच्या खिडक्या बंद, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण. रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो. झाडांची रांग धूळ कमी करते, पण बॉयलरवरच्या यंत्रणेची जागा ती घेऊ शकत नाही, हे वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात फोटो काढताना लक्षात असू द्या. धाप लागून एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थेट १०८.

फाउंड्रीत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा नोंद करणं बंधनकारक असलेला व्यावसायिक आजार आहे. त्याची दाद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मागायची.

आवाज

निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रात्र म्हणजे दहा ते सहा. मोबाइलवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. अधिकृत मोजणी मंडळाकडून मागा, आणि ती रात्रीच व्हावी असा आग्रह धरा. तुमचं घर कागदोपत्री कोणत्या झोनमध्ये आहे यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून आधी झोन दाखला काढा.

वायुगळती झाली तर

नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव औद्योगिक वसाहतीत एका खत कंपनीत वायुगळती होऊन बळी गेले आणि अनेकांना रुग्णालयात हलवावं लागलं. तेव्हा हे मोठ्या शहरांपुरतं नाही.

- वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, वायूही तिकडेच येतो. वाऱ्याला आडवं जा आणि उगमापासून लांब व्हा.
- निघणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या बंद करा, फटींत ओली फडकी कोंबा, नाकातोंडावर ओलं कापड धरा.
- क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तळघरात किंवा खड्ड्यात लपू नका, वरच्या मजल्यावर जा.
- डोळे चुरचुरत असतील तर भरपूर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा.
- ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्यात.
- बघायला जाऊ नका. बेशुद्ध पडलेल्याला आणायला साध्या रुमालानं आत गेलेला माणूस स्वतःही पडतो.

धोकादायक रसायनं ठरावीक साठ्यापेक्षा जास्त ठेवणाऱ्या कारखान्यानं आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी आणि जिल्हा प्रशासनाकडे कारखान्याबाहेरचा आपत्ती आराखडा असावा, असा नियम आहे. तो तुमच्या गावात कधी समजावून सांगितला गेला का, हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे. अपघातात कामगार नसलेल्या व्यक्तीला इजा झाली तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली कुणाची चूक हे सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे मदत मागता येते. मुदत पाच वर्षं.

विस्तार होतोय? जनसुनावणीला जा

गेल्या काही वर्षांत इथेनॉलमुळे डिस्टिलऱ्या वाढल्या आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते, तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि मंडळाकडे पाहायला मिळतो. इथेनॉलच्या काही प्रकल्पांना केंद्रानं सुनावणीतून सवलत दिली होती, त्यामुळे प्रत्येक विस्ताराला ती होईलच असं धरून बसू नका. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नजर ठेवा.

मांडवात घोषणा देऊन इतिवृत्तात काही उतरत नाही. लेखी निवेदन द्या, पोच घ्या. अहवालातल्या हवेच्या मोजमापाची तारीख पाहा: कारखाना बंद असलेल्या महिन्यात मोजून ‘हवा उत्तम’ म्हटलेलं असेल तर नेमकं तेच विचारा. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. जेवणाच्या वासानं मंडप आधीच रिकामा होतो. तुम्ही ते वाचन होईपर्यंत थांबा.

सभासद असाल तर

आपल्याकडची खरी अडचण कायद्याची नाही. ज्या कारखान्याची काजळी पडते, त्यालाच ऊस जातो. मुलगा तिथेच कामाला असतो. अध्यक्ष आमदार असतात. सही करायला हात कचरतो, आणि तोड लांबेल ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. अशा वेळी सह्या गोलाकार घ्या, म्हणजे पहिलं नाव कुणाचंच नसतं. किंवा अर्ज गावच्या ठरावाच्या रूपानं पाठवा.

सहकारी कारखान्याच्या सभासदाकडे आणखी एक दार आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. तिच्या आधी लेखी प्रश्न द्या: सांडपाणी प्रक्रियेवर किती खर्च झाला, मंडळाच्या किती नोटिसा आल्या, किती बँक हमी जप्त झाली. हमीची रक्कम शेवटी सभासदांच्याच खिशातून जाते, म्हणून या प्रश्नाला टाळ्या मिळतात आणि उत्तरही.

शाळेला रंग, मंदिराला फरशी, उन्हाळ्यात टँकर अशा भेटींच्या बदल्यात तक्रार मागे घ्यायला सांगितलं जातं. भेट घ्यायची की नाही ते गावानं ठरवावं. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर मात्र सही करू नका, तो पुढे लवादात तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.

हरित लवाद

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. उपद्रव थांबवण्यासाठी पहिल्यांदा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो; भरपाईसाठी पाच वर्षांत. सबळ कारण असेल तर दोन्हींना ६० दिवस वाढवून मिळू शकतात. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. मंजुरीच्याच विरोधात जायचं असेल तर मुदत फक्त ३० दिवसांची, आणि बहुतेक गावं ती चुकवतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीचे बळी यांना तिथे मोफत वकील मिळतो. म्हणून घरातल्या बाईंच्या नावानं अर्ज करणं शहाणपणाचं ठरतं.

वसाहतीजवळ प्लॉट घेताना

स्वस्त का आहे, हे दलाल सांगणार नाही. झोन दाखला आणि बिगरशेती आदेश पाहा, लगतचा मोकळा पट्टा औद्योगिक विस्तारासाठी राखीव आहे का ते विचारा, शेजारच्या बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. प्लॉट पाहायला रविवारी दुपारी नेतात. तुम्ही जानेवारीत एखाद्या कामाच्या दिवशी पहाटे पाच वाजता आणि पुन्हा रात्री अकरा वाजता जा. शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा, कपडे कुठे वाळत घालता? गच्चीवर असं उत्तर आलं, तर पुढचे कागद पाहायला हरकत नाही.